पाच हजार दोनशे बारा मैल

ड्रायव्हर गुणाजीने डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं. त्यात बोटभर उंचीचं काहीतरी पांढुरकं, दाट होतं.

"चहा?" श्यामकांत टिपणीसांनी मान वर न करता विचारलं.

"ऑइल हाय, भाऊसाहेब. ट्रान्स्फर केसमधलं."

टिपणीसांनी झाकणाखाली टीपकागद सरकवला. अंधेरीच्या त्या मोजणी कचेरीत टेबलावर डाग पडलेला त्यांना चालत नसे. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि पाहिलं. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीमागे ट्रान्स्फर केस नावाची एक लोखंडी पेटी असते. ती इंजिनाचं बळ पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. तिच्यातलं ऑइल काळसर, मधासारखं असायला हवं, एवढं त्यांना पुस्तकावरून ठाऊक होतं. हे खरवसासारखं दिसत होतं.

"खाडीचं पानी शिरलंय आत," गुणाजी म्हणाला. "मनोरीला दोन होड्यांवर फळ्या टाकून गाडी न्हेली, ती उतरताना बुडाली ना सीटपर्यंत. तवापास्नं सांगतोय. लिवा ना तेवढा अर्ज."

"किती वेळा सांगितलंस?"

"ही तिसरी."

गुणाजीला लिहिता येत नव्हतं. कचेरीतल्या निम्म्या लोकांना येत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना टिपणीसांसारखं येत नव्हतं. रजेचे, बदलीचे, पोरांच्या नादारीचे, सगळे अर्ज हेडक्लार्क टिपणीस लिहून देत. अक्षर असं की वरचे साहेब मजकूर न वाचताच मंजुरी देत, असं लोक म्हणत. टिपणीस ते नाकारत नसत.

"सहा हजार मैलांनी बदलायचं असा नियम आहे," ते म्हणाले. "मीटर किती दाखवतो?"

"मीटर बंद हाय, भाऊसाहेब."

"किती दाखवतो, ते विचारलं."

"पाच हजार दोनशे बारा."

"मग?"

गुणाजी हसला. "मग काय, आपली गाडी आठ महिने उभीच हाय म्हना की."

गाडी उभी नव्हती. लढाईतली ती जुनी जीप लिलावात कचेरीच्या वाट्याला आली होती आणि रोज बोरीवलीपासून मढपर्यंत मोजणीवाल्यांना, साखळ्यांना, निशाणांच्या काठ्यांना वाहत होती. मीटरची तार मात्र मनोरीच्या त्याच फळ्यांवर तुटली. त्या संध्याकाळी लॉगबुकात टिपणीसांनी ५२१२ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तार बसेल म्हणून पुन्हा ५२१२ लिहिलं. पेट्रोल दिवसांवर मिळे, मैलांवर नाही. त्यामुळे कोणी विचारलं नाही. पाहता पाहता आठ महिन्यांचे ५२१२ झाले, सगळे एका वळणाचे, सुरेख. आता मीटर बंद आहे असं लिहायचं तर तो कधी बंद पडला तेही लिहावं लागलं असतं.

जीपच्या इंग्रजी पुस्तकात त्याच पानावर, सहा हजार मैलांच्या खालीच, आणखी एक ओळ होती: गाडी पाण्यात गेल्यास मैल न पाहता ऑइल ताबडतोब बदलावे. टिपणीसांनी ती वाचलेली होती. गुणाजीने वाचलेली नव्हती. त्याला ती नुसतीच ठाऊक होती.

"उद्या लिहू," टिपणीस म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नवे साहेब मढच्या किनाऱ्यावर पाहणीला गेले. वाळूत चाकं रुतली म्हणून गुणाजीने चारही चाकांची जोडणी टाकली. आत काहीतरी कडकडलं, आणि गाडी जागीच आखडली. ना पुढे, ना मागे. भरती लागली होती. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग त्याचाही उपयोग राहिला नाही. तिथल्या हरेश्वर कोळ्याने आणि त्याच्या माणसांनी दोर लावून जीप ओढून काढली ती दुसऱ्या दिवशी. तोवर ती दोन भरत्या पाण्याखाली होती. गॅरेजवाल्याने पेटी उघडून दाखवली: दाते झिजून गुळगुळीत.

'मनोरीला गाडी पाण्यात जाऊनही ऑइल न बदलल्याबद्दल कामावरून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' कागद घेऊन गुणाजी टिपणीसांकडेच आला. आणखी कोणाकडे जाणार?

"काय लिहू?" टिपणीसांनी विचारलं.

"झालं ते लिवा."

टिपणीसांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी लिहिलं. गुणाजीने तीन वेळा सांगितलं, हेडक्लार्कने अर्ज लिहून दिला नाही, मीटर आठ महिने बंद होता, लॉगबुकातला आकडा खोटा आहे. एकही खाडाखोड नव्हती. गुणाजीने अंगठा उठवला. टिपणीस त्या दिवशी घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नी उत्तराबाईंनी विचारलं, "आज बरं वाटतंय का तुम्हाला?" आणि त्यांना खरोखरच बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टिपणीस लॉगबुक काखेत घेऊन गेले.

"बसा, टिपणीस." साहेबांच्या हातात खुलासा होता. "हे अक्षर तुमचं."

"हो, साहेब."

"आणि यात सगळा दोष तुमचा."

"हो, साहेब. खरं आहे ते."

साहेब हसले. कौतुकाने.

"अहो, स्वतःविरुद्ध असं कोण लिहून देतं? ड्रायव्हर बायकापोरांचा धनी आहे, मी समजू शकतो. तुमचं मन मोठं आहे. पण कचेरीचं काम असं मनावर चालत नाही." त्यांनी खुलासा फायलीत ठेवला. "तुमच्या वरच्या जागेसाठी मी शिफारस पाठवतोच आहे. हे मध्ये नको."

लॉगबुक काखेतच होतं. टेबलावर ठेवून कुठलंही पान उघडलं असतं तरी चाललं असतं; पान निवडायचीसुद्धा गरज नव्हती. टिपणीसांनी ते दुसऱ्या काखेत घेतलं.

"थँक यू, साहेब," ते म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या खोलीतून निघताना त्यांनी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

काढून टाकल्याचा हुकूम शनिवारी निघाला. लिहिला अर्थात टिपणीसांनीच. गुणाजीने तो दोन्ही हातांनी घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि परत दिला.

"वाचा ना, भाऊसाहेब."

टिपणीसांनी वाचला. कुठेही न थांबता, शेवटच्या तारखेपर्यंत. गुणाजी मान खाली घालून ऐकत होता.

"माझं नाव कुठंय यात?" त्याने विचारलं.

टिपणीसांनी बोट ठेवलं. गुणाजी वाकला आणि थोडा वेळ त्या जागेकडे बघत राहिला.

"आनि तुमचं?"

"माझं नाही."

"कुठंच नाही?"

"नाही."

"बरं झालं," गुणाजी म्हणाला. त्याला खरंच हायसं वाटलेलं दिसत होतं. "मला वाटलं, त्या खुलाशापायी तुमच्यावर पन काय येतंय की काय." आणि तो कागद परत घेऊन त्याची घडी घालू लागला.