खळग्यातलं पिल्लू

“आक्का, त्येला हात लावू नगा,” मष्णू बांधावरूनच म्हणाला. पण तोवर आत्यानं पिल्लू पदरात घेतलं होतं.

प्लेगचं साल होतं. बोरगावात उंदीर पडायला लागले तसा सगळा गाव शेतात राहायला आला. आमचीही कडब्याची खोप शाळवाच्या रानात उभी राहिली. त्यात आम्ही दोघीच, माझी आत्या ब्राह्मी आणि पाच वर्षांची मी. गाव सोडायच्या आदल्या दिवशी वडिलांना ताप भरला, जांघेत गाठ आली. आई त्यांच्यापाशी गावातल्या घरीच राहिली. निघताना तिनं मला जवळसुद्धा घेतलं नाही. लांब उभी राहून “आक्का, पोरीला सांभाळा,” एवढंच म्हणाली.

आत्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आलेली. मूलबाळ नाही. तिचा माझ्यावर जीव होता, आणि खरं सांगते, मी एकटी तिच्या वाट्याला आले याचा तिला मनातून आनंदच झाला असावा. मी आईचं नाव काढलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. “आठ दिस झालं. पोर कशी हाय म्हणून लांबनं तरी बघून गेली का? दगडाच्या काळजाची बाई.” मी ऐकायची. आईनं आपल्याला टाकलं, हे मी मनाशी धरून बसले होते.

तर ते सशाचं पिल्लू. बांधाच्या गवतात ओंजळीएवढा खळगा, आणि त्यात टक्क डोळे उघडे ठेवून बसलेलं. आत्यानं सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, उन्हं कलल्यावर पाहिलं. आईचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून उन्हं कलली की आम्ही खोपीत शिरायचो ते सकाळीच बाहेर. दोन दिवस असं पाहून आत्यानं निकाल दिला.

“ह्येचीबी आई टाकून गेली बघ. डोळ्यांदेखत जीव कसा मरू द्यायचा?”

मष्णू आमचा गडी. तरुणपणी तो जाळं लावून ससे धरायचा. आमच्याकडे कामाला राहिला तेव्हा आजोबांनी त्याला ते सोडायला लावलं. पण सशाची खोड त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

“ससा बीळ करत न्हाई, आक्का,” तो म्हणाला. “आई पिलं येगयेगळ्या जागी ठेवती आन् दिसभर लांब ऱ्हाती. पिलाला वास नसतोय, आईला असतोय. ती जवळ बसली तर कोल्हं वासावर येतंय. म्हणून दिवस मावळताना एकदाच येती. तीबी सरळ न्हाई. आल्या वाटनं माघारी फिरती, बाजूला लांब उडी टाकती, मग पिलापाशी जाती. पाजलं की गेली.”

“तू लई शाना. पिल्लू हितं ठेवलं की तुझं जाळं निघंल भाईर.”

मष्णू बैल सोडून वैरणीला गेला.

आत्यानं शेळीचं दूध आणलं, कापसाची वात भिजवून पिल्लाच्या तोंडाशी धरली. ते तोंड उघडेना. दूध हनुवटीवरून ओघळायचं, आत्या पुसायची, पुन्हा वात धरायची. मी शेजारी बसून नवस बोलत होते. पिल्लू जगलं तर आई येईल, असं मी माझं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताठ झालं.

त्या संध्याकाळी आत्यानं मला लवकर जेवू घातलं. “मला आज उपास हाय,” म्हणाली आणि बाहेर गेली. पुढचं मला मष्णूनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती कडब्याच्या गंजीआड बसून खळग्याकडे बघत होती. सशीण येऊ नये, असंच तिला वाटत असणार. नाही आली तर आत्याची चूक नव्हती.

सूर्य टेकला आणि सशीण आली. ओढ्याकडून आली, थबकली, माघारी फिरली, बाजूला उडी टाकली आणि खळग्यापाशी उभी राहिली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिथंच बसून राहिली.

“आता तिकडं बघा,” मागं येऊन उभा राहिलेला मष्णू म्हणाला.

ओढ्याकाठच्या बाभळीखाली डोक्यावरून पदर घेतलेली बाई उभी होती. खोपीत मी एकटीच काहीबाही बडबडत होते, आणि तिचा कान इकडे लागलेला होता.

“वैनी हायत. वळसा घालून रोज येत्यात. पोर भाईर असली तर पळत येईल, म्हणून तुमी जेवायला आत गेल्यावर. आवाज ऐकत्यात आन् जात्यात.”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“वैनींनी आण घातलीया. आन् आक्का, तुमी माझं सशाचं तरी कुठं ऐकलासा?”

आत्या खोपीत आली ती मला पोटाशी धरून रडायलाच लागली. मला वाटलं, पिल्लासाठी. मग डोळे पुसून म्हणाली, “बाळे, णमोकार मंतर म्हण. मोठ्यानं.”

तेव्हापासून रोज दिवस मावळताना ती मला णमोकार म्हणायला लावायची. “आणखी मोठ्यानं, गं.” माझा घसा दुखायचा. पण आईला दगडाच्या काळजाची म्हणणं तिनं थांबवलं होतं, म्हणून मी म्हणायची.

सहाव्या दिवशी मष्णू खोपीच्या दाराशी आला. डोक्याचा पटका त्यानं हातात घेतला होता.

“आज कोण न्हाई आलं, आक्का.”

दुसऱ्या दिवशी तो दाराशी आलाच नाही. गावातल्या घरी जाऊन आला होता, म्हणून लांब गोठ्यापाशीच उभा राहिला. आत्यानं माझं ताट बाजूला सारलं आणि कितीतरी वेळ ओढ्याकडे कान लावून बसली. बाहेर अजून उजेड होता.

“बाळे, म्हण,” ती म्हणाली. “लई मोठ्यानं म्हण. गावातल्या घरापातूर जायला पायजे.”