उजवा गुडघा

आईचा डावा गुडघा डॉक्टरांनी हातानं बदलला होता, उजवा रोबोट लावून. डाव्याच्या वेळी ती धास्तावलेली. "माणसाचाच हात, चुकला असला म्हणजे?" असं म्हणत सकाळ-संध्याकाळ व्यायाम करायची. रडायची, मला शिव्या घालायची, पण करायची. जिने चढायला लागली.

उजवा दादानं करवला. दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि आईची सेवा फोनवरून करतो. रोबोटचं कौतुक तर असं, जणू यानंच जन्माला घातलाय. "आई, केसाइतकी चूक नाही. तू फक्त आराम कर." आईनं शेवटचं वाक्य तेवढं गाठीला बांधलं.

तेव्हापासून ती माझ्या घरी आडवी आहे, गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज ती उशी काढते.

"काकू, अशानं गुडघा आखडेल."

"हा जुन्यातला नाही गं. मशीननं बसवलाय. त्याचं त्याला कळतं."

"मशीननं हाड कापायला मदत केली. वाकवायचं तुम्हालाच आहे."

ती गेल्यावर आई मला म्हणाली, "हिला डाव्याचंच शिकवलेलं दिसतंय."

स्वच्छ सांगते, मला आईला तिच्या घरी पाठवायचं होतं. तिलाही जायचंच होतं. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघा वाकला तर ती सुटणार आणि मीही. तिच्यामागे माझं पार्लर बंद पडलंय. माझ्याकडे येणाऱ्या बायका कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरात जातात आणि रस्त्यात मी दिसले की भुवया लपवतात.

दादाला फोन केला. "तू सांग तिला. तुझं ऐकते."

"जबरदस्ती नको गं. रोबोटिकमध्ये त्रास कमी असतो."

"त्रास कमी म्हणून गुडघा आपोआप वाकतो का?"

"तू नेहमी निगेटिव्हच बोलतेस."

मी फोन ठेवला. शिवी घातली असती तर ती आईलाच लागली असती.

तपासणीला मात्र दादासाहेब हजर झाले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. आईनं दात आवळले. काटकोनसुद्धा होईना.

"भूल देऊन वाकवावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

"पण रोबोटनं केलेला ना?" दादानं विचारलं.

"हत्यार माझ्याच हातात होतं. रोबोटनं माप चुकू दिलं नाही. बसलाय छान. पण कसाही बसवा, वापरला नाही तर आखडतोच."

"मग वाकवायला रोबोट वगैरे..."

"नाही. ते हातानंच करतात."

आईनं दादाकडे पाहिलं. दादा मोबाईलकडे पाहत होता.

मी विचारलं, "घरी व्यायाम करून बघितलं तर?"

"एक आठवडा देतो. मनापासून केलं तर."

दादाला मीटिंग होती, तो गेला. मी टॅक्सी आणली. आई मागच्या सीटवर बसली, उजवा पाय बाहेरच राहिला. दार लागेना.

"पलीकडून आडवं बसवा त्यांना," ड्रायव्हर म्हणाला.

मी तिला उठवायला गेले. आईनं माझा हात झटकला.

"सरक. दोघं गप्प राहा जरा."

दोन्ही हातांनी मांडी धरून तिनं पाय आत ओढला. गुडघा अडला. तिनं दादाचा, डॉक्टरांचा, रोबोटचा आणि माझा उद्धार केला आणि पुन्हा ओढला. घाम आला. दार अजून वीतभर उघडंच होतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"वाजवू दे," आई म्हणाली आणि पुन्हा मांडी धरली.

मी दार धरून उभी राहिले.