दरवाजा कुणी उघडला?

मैदान खच्चून भरलं होतं. कठड्यावर, झाडावर, टाकीच्या जिन्यावर, पाय टेकेल तिथे माणूस. आणि एवढ्या गर्दीचा आवाज मात्र नाही. मधोमध उंच आसनावर मागदृष्टीबाबा डोळे पांढरे करून डोलत होता. हातात गावाच्या जुन्या तटाची वीट. वीट हातात आली की त्याला म्हणे त्या काळातलं सगळं दिसायचं. मेलेली माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या तोंडच्या शिव्यासुद्धा. भविष्य सांगणारे कधी ना कधी पकडले जातात. याने धंदा हुशारीने निवडला होता. भूतकाळ काही उठून साक्षीला येत नाही.

"दिसतंय..." बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पहाट. तटाचा मोठा दरवाजा. बाहेर शत्रू दबा धरून. आणि आतून एक हात अडसराकडे सरकतोय. निळा हात! कोपरापर्यंत निळा!"

गर्दी गुरगुरली. निळे हात गावात एकाच गल्लीचे, रंगाऱ्यांचे.

ती गर्दीच्या कडेला उभी होती. रंगाऱ्यांचीच पोर, इतिहासाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे हात निळे नव्हते, कारण आईने तिला रंगाच्या हौदाजवळ फिरकू दिलं नव्हतं. "तू कागद काळे कर, कापड मी निळं करते," आई म्हणायची. आज तीच आई घरात बोचकं बांधत बसली होती. बाबा गावात आल्यापासून आधी गल्लीचा नळ तोडला गेला, मग दुकानदार सामान देईनासे झाले, आणि काल निरोप आला: उद्या दिवस मावळायच्या आत गल्ली रिकामी करा, फितुरांच्या औलादीला इथे जागा नाही.

निरोप धाडणारा गावसमितीचा अध्यक्ष, धान्याचा बडा व्यापारी, पहिल्या रांगेत बसला होता. त्याला गोदामासाठी जागा हवी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. त्याच्या माणसांच्या पायाशी रॉकेलचे डबे होते, झाकणं काढलेले. अध्यक्षाशेजारी तिचे मार्गदर्शक सर. तटावरचं एकुलतं एक पुस्तक त्यांनीच लिहिलेलं.

"जड लाकडी अडसर," बाबा म्हणाला, "चार पुरुषांनाही..."

"न पेलणारा!" ती ओरडली.

"...न पेलणारा. कड्यांचा खणखणाट..."

"पहाऱ्यापर्यंत पोचलाच नाही!"

कुणीतरी खिदळलं. "हिच्या पण अंगात आलं वाटतं!"

"अंगात नाही काका, परीक्षेत आलं होतं," ती म्हणाली. "सरांच्या पुस्तकातलं आहे हे. शब्दन् शब्द. निळा हात तेवढा बाबांनी पदरचा घातलाय."

बाबाने एक डोळा किलकिला केला. "पोरी, सत्य एकच असतं. सरांनी ते अभ्यासाने पाहिलं, आम्ही दृष्टीने." टाळ्या पडल्या.

ती याच उत्तराची वाट बघत होती.

"बरं बाबा. तुम्ही आत उभे आहात, तोंड दरवाजाकडे. उगवता सूर्य कुठे आहे?"

"समोर! दरवाजा पूर्वेचा, रंगाऱ्यांच्या गल्लीचा. ऊन डोळ्यांत घुसतंय!"

"पाठीमागे तर नाही ना? नीट बघा."

"आम्हाला दिसतं ते दिसतं!"

सर ताडकन उठले. "खाली बस! तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते, विसरू नकोस."

पुढे काय येणार हे त्यांना कळलं होतं. त्यांच्याच खोलीत तिने जुना नकाशा पसरला होता. "सर, त्या नकाशावाल्यांनी दक्षिण वर धरलीय. आपण तो उलटा वाचला. दरवाजा पश्चिमेला होता." सरांनी नकाशाची घडी घातली होती. "नवी आवृत्ती छापखान्यात गेलीय. तोंड बंद ठेव."

"सही राहू दे सर," ती म्हणाली. "माझी आई घरात आहे." मग गर्दीकडे वळली. "बाजारात गटारासाठी खड्डा खणलाय. जाळायचं ते नंतर जाळा, आधी तो बघा."

तमाशा फुकट होता, लोक निघाले. खड्डा गावाच्या पश्चिम टोकाला, अध्यक्षाच्या घरासमोर. तळाशी समोरासमोर दोन मोठे दगड, मधला उंबरा गाडीच्या चाकांनी झिजलेला. डबा वाहणाऱ्या एकाने डबा खाली ठेवला, आत उतरला आणि दगडातल्या भोकात मूठ घातली.

"दरवाजा फिरायची खोबण आहे ही," तो म्हणाला. "घासून गुळगुळीत झालीय."

"आता दरवाजाकडे तोंड करा सगळे," ती म्हणाली.

सगळे वळले आणि डोळ्यांवर हात धरले. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं.

"हा मावळता सूर्य. मग उगवता कुठे असेल?"

"मागे," खड्ड्यातला माणूस हळूच म्हणाला.

"बाबांच्या डोळ्यांत मात्र तो समोरून घुसला. कारण पुस्तकात चूक आहे. बाबांच्या दृष्टीने ती चूकसुद्धा पाठ केलीय!"

लोकांनी मागे पाहिलं. वीट रस्त्यात पडली होती आणि बाबा बोळात शिरत होता.

क्षणभर हसू उसळलं. मग एकजण म्हणाला, "म्हणजे दरवाजा अध्यक्षाच्या दारात. मग फितूर..."

हसू विझलं. डबे पुन्हा उचलले गेले. अध्यक्षाने घरात घुसून कडी घातली. पहिला दगड त्याच्या खिडकीवर बसला.

ती धावत जाऊन त्याच्या पायरीवर उभी राहिली.

"मघाशी माझी आई, आता हा? दिशा फिरली की लगेच नवा फितूर? दरवाजा कुणी उघडला ते मला माहीत नाही. सरांना माहीत नाही. उघडला की मोडला, तेही कुणाला माहीत नाही! आणि उद्या कळलंच, तरी मेलेल्याच्या पापासाठी जिवंत माणूस जाळायचा? सर, पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर काय लिहिलं होतं? कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? सांगून त्याचा फायदा काय? सांगा ना यांना!"

सरांनी पाठ फिरवली. गर्दीतून वाट काढत ते निघून गेले.

एकाने झाकण लावलं. मग दुसऱ्याने. डबे रिकामे झाले नव्हते, नुसते बंद झाले होते.

घरी आईचं बोचकं तसंच बांधलेलं होतं. "सोडू का?" तिने विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "लोकांचा काही भरवसा नाही."

लोक म्हणजे तुम्ही आणि मी. पुढचा बाबा येणारच आहे, त्याच्या हातात वीट नसेल, दुसरं काही असेल. हात जोडण्याआधी त्याला विचारा, तुला हे कुणी सांगितलं, आणि ती जागा कुणाला हवी आहे? तुम्ही विचारायला लागाल, तेव्हाच ती आई बोचक्याची गाठ सोडेल.