सतरा नंबरची पिशवी

घराघरांतून कसला कचरा किती निघतो, हे मोजायचं काम धाकटीकडे आलं होतं. एका गल्लीतली वीस घरं, आठ दिवस. प्रत्येक घराची पिशवी पालिकेच्या शेडमधल्या लांब टेबलावर उपडी करायची, ओलं, कागद, प्लास्टिक, कापड, काच असे ढीग लावायचे, वजन करून तक्त्यात लिहायचं. पिशवीवर नाव नसे, नुसता नंबर. पण गल्ली तिच्या थोरल्या बहिणीची होती. सतरा नंबरच्या पिशवीतून बटाट्याचं न तुटलेलं, लांबच लांब साल निघालं आणि तिने ओळखलं. असं साल ताईच काढायची.

दोघींची बोलाचाल तीन वर्षं बंद होती. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन कोणी न्यायची यावरून शब्दाने शब्द वाढला, मशीन ताईकडे राहिली आणि धाकटीने जाणं-येणं सोडलं. तिने वजन लिहिलं आणि पुढची पिशवी ओढली.

चौथ्या दिवशी त्या पिशवीत नुसते बिस्किटांचे रिकामे पुडे निघाले. पाचव्या दिवशी दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एक्स-रेचा फाटका लिफाफा. सहाव्या दिवशी ओला कचरा शून्य. म्हणजे घरात स्वयंपाकच झाला नव्हता. ताई एकटी राहायची, आणि कोणाला हाक मारणं तिच्या अगदी जिवावर यायचं.

संध्याकाळी ती भाजी घेऊन दारात उभी राहिली. ताईने डाव्या हाताने कडी काढली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या कचऱ्यानं.”

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. न्हाणीघरात पाय घसरला होता, म्हणाली. फोन दोनदा हातात घेतला, पण सुरुवात कशी करावी ते सुचेना.

“मशीनचं मी उगाच ताणलं, ताई.”

“मी तरी कुठे सोडलं? बस आधी. उभ्याने काय बोलतेस?”

दुसऱ्या दिवशी धाकटीने साहेबांना खरं ते सांगितलं: सतरा नंबर तिच्या बहिणीचं घर आहे, बहिणीचा हात मोडलाय आणि कालपासून तीही तिथेच राहते, तेव्हा ते मोजणीतून काढा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, ती ओळ खोडली आणि हात कितपत दुखतोय ते विचारलं.

प्लास्टर निघायला महिना होता. तोवर रोज सकाळी ताई तिच्याकडे पाठ करून बसायची आणि धाकटी तिची वेणी घालूनच कामाला निघायची.