चुंबळीखालचं नाव

या, असे जवळ सरका. पखवाजी अजून पखवाजाच्या तोंडाला लावायची कणीक मळतोय, बुवाही यायचे आहेत. तोवर मी या टाळांत नवी दोरी ओवतो आणि तुम्हाला यांचीच गोष्ट सांगतो.

आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची. अकोल्यात मोर्णेकाठी नत्थुजींचं दुकान होतं. दुकान कसलं, नुसता ओटा! भांड्यांवर नावं घालायचं काम. लगनसराईत त्यांच्या छिन्नीची टिकटिक पार देवळात ऐकू यायची, आणि मला ती भजनाइतकीच गोड वाटायची. पुढ्यात वाळूची थैली, तिच्यावर भांडं, बारीक हातोडी, दोन-चार छिन्न्या आणि लाकडी मुठीची एक पोलादी कलम. ती त्यांच्या वडिलांची. तेलाच्या दगडावर तिला धार लावता लावता ते गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायचे. एकानं वाटीवर आजोबांपासून सगळी नावं मागितली, तर म्हणाले, "वाटी ने वापस अन् घंगाळ आण. अक्षराले श्वास घ्याले जागा पायजे ना बापा!"

एका दुपारी मी ओट्यावर बसलेलो असताना मनकर्णाबाई आल्या. त्यांचे यजमान आमच्या देवळातले टाळकरी, चैत्रातच गेले होते. बाईंनी पदराआडून त्यांचे टाळ काढले आणि लग्नातला एक तांब्या पुढे ठेवला. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? ते तांब्यावर होतं.

"हे नाव टाळावर घाला, नत्थुजी. काठाकाठानं, मोठं. वेल बी काढा. देवळाले देऊन राहिली मी. कोनाचे टाळ हायेत, लोकाईले दिसलं पायजे."

नत्थुजींनी तांब्या उजेडाकडे धरला. "हा त माह्या बापाचा हात! 'ख' पाहा कसा मांडी घालून बसला." मग टाळाला नखानं टिचकी मारली आणि नाद विरेपर्यंत कान लावला. "बाई, हे कासं हाय. छिन्नी ठोकली का तडकते."

"मंग ठोकू नका. कलमेनं कोरा."

"कोरता येते. पन काठ कोरला का आवाज बसते."

"काम जड हाय म्हनून टाळून राहिले काय मले?"

नत्थुजी हसले. फळीखालून त्यांनी जोडीदार हरवलेला एक जुना टाळ काढला, दोरीला धरून बाईंना कलमेच्या लाकडी मुठीनं वाजवायला लावला. मग कलमेनं त्याच्या काठावर खोल वेल कोरली. सुंदर वेल होती, खोटं कशाला बोलू. "आता वाजवा."

मघाशी नदीपर्यंत गेलेला नाद ओट्यावरच बसला.

बाई बराच वेळ तांब्यावरून बोट फिरवत राहिल्या. "एवढ्या टाळाईत त्याईचा टाळ मी चुलीपाशी बसून वळखत होती," त्या म्हणाल्या. "राहू द्या. नाव नका घालू." आणि टाळ पदरात बांधू लागल्या.

"थांबा, माय." नत्थुजींनी दोरी सोडली, तिच्या बुडाची कापडी चुंबळ काढली. "हा मधला उंचवटा जाड हाय. इथं बारीक रेघ मारली त नादाले धक्का नाही. पन चुंबळीखाली जाईन. कोनाले दिसनार नाही."

"देवाले दिसन ना?"

"त्याले चष्मा लागत नाही अजून."

बाई हसल्या. चैत्रानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "मंग घाला. वेल नको."

काजळात बुडवलेल्या काट्यानं नत्थुजींनी आधी अक्षरं आखली. "गोल जागी शिरोरेघ गोल घेतली का अक्षरं घसरतात," असं पुटपुटत ती सरळच ठेवली. कलमेची मूठ तळहातात, हातोडी दूर. वळण आलं की हात नाही फिरवायचे. वाळूच्या थैलीवर टाळच फिरवायचे. दर अक्षराला एकदा वडिलांच्या 'ख'कडे बघायचे. दोन्ही टाळांवर नाव झालं, चुंबळ बसली, दोरी बांधली. बाईंनी टाळ वाजवले आणि डोळे मिटले. तोच आवाज होता.

त्या गोकुळाष्टमीला अमरावतीच्या बुवांचं कीर्तन उभं राहिलं, टाळ घुमले. मनकर्णाबाई बायकांत खांबाला टेकून बसल्या होत्या. टाळ कोणी दिले, कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पण दोरी झिजते हो. नवी ओवायला चुंबळ काढली की नाव दिसतं, आणि ओवणारा ते मोठ्यानं वाचतो. ही चाल कोणी पाडली कोण जाणे. यंदा माझी पाळी. ऐका: खुशालराव!

हं, बांधली दोरी. ते पाहा, बुवा आले. बाईंचं स्वतःचं नाव मात्र या टाळांवर कुठंच नाही. तेव्हा आता हे वाजतील ना, मनकर्णाबाईंची तेवढी आठवण ठेवा.