वास आला नाही

गणपतरावांनी लोबानाचे धुपाटणे पेटीच्या एका तोंडात सरकवले, वळसा घालून दुसऱ्या तोंडाशी आले आणि डोळे मिटून हवा ओढली. गेली अठरा वर्षे ते हे असेच करत आले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "लिहा, वास आला नाही."

महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी आलेला देवराव, गिरणीत पंखे सांभाळलेला चाळिशीचा माणूस, रजिस्टर धरून शेजारी उभा होता. त्याने रजिस्टर खाली ठेवले, स्वतः नाक नेले आणि लगेच मागे घेतले.

"येऊन राहिला ना जी. भक्कम येऊन राहिला."

कंपनीच्या गच्चीवरच्या या पेटीत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे होते. खालच्या हॉलमधली आणि संडासांमधली वापरलेली गार हवा पत्र्यांच्या एका बाजूने बाहेर जायची, दुसऱ्या बाजूने नागपूरच्या उन्हात तापलेली ताजी हवा आत यायची. जाणारीने येणारीला आपला गारवा द्यायचा, वास मात्र द्यायचा नाही. दोघींची गाठ पडता कामा नये. दर तीन महिन्यांनी पत्रे धुवायचे, कडांच्या फटी बुजवणारा नमद्याचा जाड लोकरी पट्टा पाहायचा आणि लोबान जाळून नाकाने खात्री करायची. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, आमच्याकडे मीटर नाही, गणपतराव आहेत.

देवरावाने पत्रे ओढून काढले. कडांच्या नमद्याचा कुजून काळा भुगा झाला होता.

"हे औंदाचं नाही," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षांचं आहे."

गणपतरावांनी धुपाटणे उचलून थेट नाकाखाली धरले. डोळ्यांत पाणी आले, ठसका लागला, वास मात्र नाही. त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही, आणि लाजेची गोष्ट तीच होती. तीन वर्षांपूर्वी तापातून उठले तेव्हापासून घरात दूध करपले तरी त्यांना ते बायकोच्या ओरडण्यावरूनच कळायचे. कचेरीत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. नाकावर नोकरी होती आणि धाकटीचे लग्न व्हायचे होते. येईल परत, येईल परत, असे म्हणत त्यांनी दिवस काढले.

त्यांनी रजिस्टर मागे चाळले. चौदा मार्च एक्याऐंशी. हॉलमध्ये टाइपिंग करणाऱ्या पुष्पलताबाईंनी हवेतून संडासाचा वास येतो अशी लेखी तक्रार केली होती, म्हणून त्या दिवशी खास लोबान लावला होता. वास शेजारच्या टेबलांवरच्या बायकांनाही यायचा, पण साहेबांसमोर सगळ्या मूग गिळून बसल्या. गणपतरावांनी हुंगले आणि लिहिले: वास आला नाही. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

साहेबांना तेवढे पुरले. बाईंना सगळे नाकवाली म्हणू लागले, खोट्या तक्रारीचा शेरा बसला आणि बदली झाली ती कळमेश्वरच्या गोदामात. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्या तिला दोन घास भरवून येत. कळमेश्वरहून ते कसे जमणार? गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी म्हातारी एकटीच गेली. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता, हे ऐकल्यावर गणपतराव त्या रात्री जेवले नव्हते. पण सकाळी उठून कामावर मात्र आले होते.

"वास येते म्हणून लिहा," ते देवरावाला म्हणाले. त्याने लिहिल्यावर त्यांनी रजिस्टर काखेत घेतले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने कळमेश्वरला उतरले. खोक्यांच्या थप्पीआड पुष्पलताबाई टाइप करत होत्या. त्यांनी स्टूल पुढे केले, पाणी दिले, धाकटीचे लग्न झाले का म्हणून विचारले. झाले, असे सांगताना गणपतरावांची मान खाली गेली. त्यांनी ते पान उघडून पुढे ठेवले.

"हे मले पाठ आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, वास होता. मलेच येत नव्हता. आदल्या सालीच नाक गेलं होतं."

टाइपरायटरवरचा बाईंचा हात तसाच राहिला.

"तवा माहीत होतं तुमाले?"

"होतं."

बाहेर एक ट्रक मागे येत होता. तो उभा राहिला. मग गणपतरावांनी खिशातले पेन काढले आणि त्या जुन्या ओळीच्या आधी, समासात, एकच शब्द लिहिला: मला. खाली सही केली. हे पान घेऊन आजच साहेबांपुढे उभा राहतो, शेरा काढायला लावतो, असे काहीबाही सांगत ते रजिस्टर मिटू लागले.

पुष्पलताबाईंनी पानावर हात ठेवला.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या. "आजची."

समासात जागा थोडीच उरली होती. गणपतरावांनी बारीक अक्षरात लिहिले, सात जून त्र्याऐंशी.