अशीच दुसरी जाड कादंबरी

कादंबरी भुवईवर बसली तेव्हा इस्त्रीवालीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, शेवटचं पान वाचून झालं होतं.

"बहिरी झालीस का? किती हाका मारायच्या?" नवऱ्यानं तेच पुस्तक उचलून पुन्हा हाणलं, या खेपेला खांद्यावर. पुस्तकाची पाठ उसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात गेली. तिथल्या बाईंनी आधी उसवलेली पाठ पाहिली, मग सुजलेली भुवई.

"शिवून घेते मी. दुसरं काय देऊ?"

"अशीच द्या, बाई."

"अशीच म्हणजे? रडवणारी?"

"रडायला काय, घरबसल्या मिळतं! हिच्यातली आई पोराला शोधत हिंडते ना, तेवढा वेळ मी घरात नसायचेच. संपल्यापासून घर खायला उठलंय."

बाईंनी बराच वेळ कपाट धुंडाळलं आणि मऊ कव्हराचं एक बारकं पुस्तक पुढं केलं. "हे घे. हलकं आहे. लागायचं नाही."

इस्त्रीवालीचे कान तापले. आधी लाजेनं, मग संतापानं. मार खाणारीनंच लाजायचं, हा कुठला न्याय?

"एवढ्याशानं माझं काय भागणार? जाडच द्या. पुठ्ठ्याची."

पुस्तकात खूण घालायची तिला सवय नव्हती. कामाला उठावं लागलं की पानात बोट घालून ती पुस्तकासकट उठे आणि दुसऱ्या हातानं भाजी ढवळे. संध्याकाळी ती तशीच ढवळत असताना नवरा आला.

"पुन्हा आणलंस?"

त्यानं केस धरून तिला खाली पाडलं, बरगडीत लाथ घातली आणि पुस्तक ओढलं. तिनं ते सोडलं नाही. दुसरी लाथ बसायच्या आत ती उठली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तिनं पुस्तक त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तो भिंतीला टेकून बसला. बोटांमधून रक्त गळत होतं.

"मला मारलंस? तू?"

"आता पुन्हा उचला हात."

तिनं गॅस बंद केला, पुठ्ठा पुसला आणि खुर्चीत बसली. पान शोधावं लागलं नाही. बोट अजून तिथंच होतं.

"पाणी दे," थोड्या वेळानं तो म्हणाला.

वाचताना त्याची हाक तिला पहिल्यांदाच ऐकू आली. तिनं पान उलटलं.